चालत दहा मिनिटं

पुण्या-मुंबईला निघायचं ठरलं की मी गावात कुणाला सांगत नाही. सांगितलं की तात्यांना कळतं, आणि तात्यांना कळलं की हॉटेल बदलावं लागतं.

तुमच्याही गावात तात्या असतीलच. त्यांना अण्णा म्हणत असतील, आबा म्हणत असतील, पायजम्याच्या जागी पँट असेल, पण प्रश्न तोच: "उतरणार कुठं?" आपण दवाखान्याला चाललोय की लग्नाला, कोर्टाची तारीख आहे की पोराचं ॲडमिशन, याच्याशी त्यांना सोयरसुतक नसतं. आपण भाबडेपणानं हॉटेलचं नाव सांगतो. ते विचारतात, "किती घेतलं?" आपण आकडा सांगतो. तात्या डोळे मिटून मान हलवतात. मयताला जाऊन आलेल्या माणसाच्या आवाजात म्हणतात, "काहून उगं पैसे घातले पाण्यात, सर? आमच्या लॉजवर जायचं ना. मधोमध हाय. कुठंबी जा, चालत दहा मिनिटं."

हे "चालत दहा मिनिटं" नीट लक्षात ठेवा.

आमचं नांदूरघाट केज तालुक्यातलं, बीड जिल्ह्यातलं. इथून कुठलंही मोठं शहर एका रात्रीच्या अंतरावर आहे. मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड करत गाडी जाते आणि झोप लागतेय तोवर पहाटे पाचला कंडक्टर सगळ्यांना कुठल्यातरी पुलाखाली उतरवतो. त्यामुळे 'उतरायचं कुठं' हा आमच्याकडे फावल्या वेळेचा विषय नव्हे. आणि त्या विषयावर शेवटचा शब्द तात्यांचा. धर्मशाळा त्यांना चालत नाही, पंचतारांकितही चालत नाही. "धर्मशाळेत गेलं की लोकं आपल्याला गरीब समजत्यात. फाईव्ह स्टारात गेलं की आपणच आपल्याला गरीब समजतो. मधलं बरं," असा त्यांचा सिद्धांत. मधलं म्हणजे लिफ्ट पाहिजे, पण लिफ्टमन नको. एसी पाहिजे, पण बंद करता आला पाहिजे. गरम पाणी नळाला पाहिजे, बादलीत नको. टॉवेल पांढरा पाहिजे; किती पांढरा, यावर घासाघीस चालते.

खोली बघायला तात्या आत शिरले की लॉजचा पोऱ्या भिंतीला टेकून उभा राहतो. त्याला माहीत असतं, आता वेळ लागणार. तात्या आधी गरम नळ सोडतात आणि हात धरून उभे राहतात. मग फ्लश. मग रिमोटचं झाकण काढून सेल बघतात. गादीवर एक बुक्की मारतात आणि कान लावतात, कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी खिडकी उघडतात. मधल्या दर्जाच्या हॉटेलची खिडकी कुठं उघडते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: शेजारच्या इमारतीच्या पाइपांवर आणि एका कबुतरावर. तात्या त्या कबुतराकडे समाधानानं बघत म्हणतात, "मधोमध हाय."

मुंबईतलं त्यांचं लॉज क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत आहे. तिथून गेटवे? चालत दहा मिनिटं. चर्चगेट? दहा मिनिटं. एकदा मी मुद्दाम खोचून विचारलं, "आणि दादर, तात्या?" त्यांनी जराही न डगमगता सांगितलं, "स्टेशनपतोर दहा मिनिटं. पुढं लोकल हायच की."

त्यांच्याबरोबर मी मंत्रालयात गेलो ती चाल ऐका. बोरीबंदरापासून मंत्रालय दोन किलोमीटरच्या वर. तात्या पुढं, मी मागं, हातात एका निराधार योजनेच्या अर्जाची फाइल. हुतात्मा चौकात मी घड्याळ दाखवलं तर म्हणाले, "सिग्नलचा टाइम धरायचा नसतो." पुढं चहा झाला, तोही धरायचा नसतो. रस्ता चुकलो, तो तर मुळीच धरायचा नसतो, कारण ती आपली चूक, अंतराची नाही. असं सगळं वजा करत पाऊण तासानं आम्ही मंत्रालयासमोर उभे राहिलो तेव्हा तात्यांच्या हिशेबानं नऊ मिनिटं झाली होती. एक मिनिट उरलं म्हणून त्यांनी पान खाल्लं.

तरी मंत्रालयाच्या बाबतीत त्यांचं शास्त्र पक्कं आहे. सामान्य माणसाला तिथं आत सोडतात दुपारी दोनला. हॉटेलं चेकआऊट घेतात बाराला. मधले दोन तास अर्धा महाराष्ट्र हातात बॅग घेऊन ओव्हल मैदानाच्या कडेकडेनं फिरत असतो. म्हणून तात्यांचा पहिला नियम: चेकआऊट चोवीस तासांचं पाहिजे. बारा ते बारावाल्याकडे पहाटे पाचला गेलात तर सात तासांत तुमचा एक दिवस संपतो आणि अंघोळ करून टॉवेल वाळायच्या आत दुसऱ्या दिवसाचं भाडं चालू होतं. चोवीस तासवाला पाचला घेतो, दुसऱ्या दिवशी पाचला सोडतो. तो पाचला सोडायला लागला की तात्या सहा मागतात.

मुंबईत आमदार निवास असताना लॉजला पैसे कशाला घालायचे, असा प्रश्न आमच्याकडे कुणालाही पडतो. आकाशवाणीजवळचं आमदार निवास तर मंत्रालयाच्या अगदी समोर. तिथून खरंच दहा मिनिटं लागत नाहीत, पाचच लागतात. आमदाराच्या खोलीत, व्हरांड्यात, जिन्यात मतदारसंघच्या मतदारसंघ आडवा पडलेला असतो. मनोरा आमदार निवास पाडलं तेव्हा आमच्याकडे काही लोकांना आपलं घर पाडल्यासारखं वाटलं. मी तात्यांना विचारलं, तुम्ही का नाही तिथं उतरत? तात्या म्हणाले, "तिथं एक रात फुकट झोपलं की पाच वर्सं त्याचं ऐकावं लागतं. लॉजवाल्याचं बारापतोरच."

लॉजबद्दल कुणी नाक मुरडलं तर तात्या थेट लोकमान्यांना साक्षीला काढतात. "टिळक कुठं उतरायचे? सरदारगृहात. सरदारगृह म्हणजे काय? लॉजच की!" हे मात्र खरं आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह ही खाण्या-राहण्याची सोय असलेली जागाच होती. लोकमान्य मुंबईत आले की तिथं उतरत, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांनी शेवटचा श्वासही तिथंच घेतला. तात्या नव्या माणसाला ती इमारत खालून दाखवतात. तिथून लोकमान्यांची अंत्ययात्रा भर पावसात, लाखोंच्या गर्दीत गिरगाव चौपाटीला गेली, हे सांगताना त्यांचा गळा भरून येतो. मग डोळे पुसत ते पुढचं वाक्य बोलतात. ते कोणतं, हे सांगायची गरज नाही. अंतर तीन किलोमीटरच्या आसपास आहे.

घासाघीस हा स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात सांगतो. तात्या काउंटरसमोर उभे राहून मोबाइलवर त्याच हॉटेलचा भाव काढतात आणि मॅनेजरला दाखवतात: "ह्यात एवढं हाय. ह्यातलं कमिशन तुमचं वाचतंय. मला किती?" मॅनेजर शंभर-दोनशे कमी करतो. मग तात्या विचारतात, "जीएसटी धरून ना?" इथं दोन्ही पक्षांची खरी लढाई सुरू होते. हजार रुपयांखालच्या खोलीला पूर्वी जीएसटी नव्हता. 18 जुलै 2022 पासून 12 टक्के लागला. 950 रुपयांच्या खोलीवर 114 रुपये! तात्यांनी त्या आठवड्यात गावात सगळ्यांशी बोलताना आवाज उतरवला होता. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना 5 टक्के झाले. देशात लोक टीव्ही, गाड्या, तूप, साबण काय काय स्वस्त झालं ते बघत होते. तात्यांनी ओळखीच्या सगळ्या लॉजांना फोन लावले. 2,400 रुपयांच्या खोलीवर 288 चे 120 झाले, म्हणजे 168 रुपये सुटले, हे त्यांनी मला तीन वेळा करून दाखवलं. प्रवास मात्र कुणी केला नाही. त्या महिन्यात कुणालाच कुठं जायचं नव्हतं.

व्हॉट्सॲपवर कुणीतरी त्यांना 1867 चा सराई कायदा पाठवला होता: कुठल्याही हॉटेलात कुणीही शिरून पाणी मागू शकतो म्हणे. कायदा आहे, इंग्रजांनी केलेला, सरायांच्या नोंदणीचा आणि साफसफाईचा. तात्यांनी त्याच्या जोरावर एका बड्या हॉटेलात शिरून पाणी मागितलं. तिथल्या पोरीनं काहीही न विचारता बशीत ठेवून ग्लास दिला. कायदा काढायची संधीच मिळाली नाही याचं तात्यांना फार वाईट वाटलं. "पाणी चांगलं हाय त्यांचं," ते म्हणाले, "पण जागा मधोमध न्हाई."

पुण्यात तात्यांची पंचाईत होते. लक्ष्मी रोडच्या आसपास उतरलं की तुळशीबाग, दगडूशेठ, अप्पा बळवंत चौक सगळं खरोखरच चालत दहा मिनिटांवर आहे. तिथं त्यांच्या बोलण्याला धार राहत नाही. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी 1935 साली याच रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढलं, नटमंडळी तिथं येत-जात, ही माहिती ते सांगतात, पण ओढून ताणून. खरं बोलायची सवय नसली की खऱ्याची चव लागत नाही.

पुण्यातच त्यांचा एकदा घात झाला. हल्ली मधल्या दर्जाच्या हॉटेलातही दारामागं एक खाच असते, तिच्यात किल्लीचं कार्ड घातल्याशिवाय खोलीतले दिवे लागत नाहीत. बाहेर जाताना कार्ड काढलं की एसी बंद. तात्यांना हा अन्याय वाटतो; भाडं चोवीस तासांचं, तर गारवाही चोवीस तासांचा. त्यांनी शोध लावला की खाचेला कुठलंही कार्ड चालतं. म्हणून त्यांनी आपलं गुळगुळीत आधार कार्ड तिथं खोचलं आणि दिवसभर रिकाम्या खोलीला थंड हवा खाऊ घातली. संध्याकाळी आम्ही निघालो. शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला गेल्यापासून मराठवाड्याच्या गाड्या तिथून सुटतात. गाडीत बसलो. कंडक्टरनं ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटासाठी आधार मागितलं. तात्यांनी खिसे चाचपले आणि त्यांचा चेहरा एकदम गार पडला.

"थांबवा गाडी," ते म्हणाले. "हितंच हाय लॉज. आत्ता आलो. चालत दहा मिनिटं."

कंडक्टर आमच्याच जिल्ह्यातला निघाला. त्यानं तात्यांकडे नुसतं पाहिलं आणि डबल बेल दिली. पाटोद्यापर्यंत तात्या माझ्याशी बोलले नाहीत. पूर्ण तिकीट त्यांनी अजून पाकिटात ठेवलंय, कुणीतरी कधीतरी भरपाई देईल म्हणून.

मी एकदा चिडून त्यांना म्हणालो, तात्या, हे दहा मिनिटांचं खूळ सोडा, लोक हसतात. तेव्हा ते मला जे बोलले ते इथं लिहितो, कारण उत्तर मला अजून सुचलेलं नाही. "सर, नगर-बीड-परळी रेल्वे कधी मंजूर झाली?" 1995 ला, मी म्हणालो. "लांबी किती?" 261 किलोमीटर. "आष्टीला गाडी कधी आली?" 2022 च्या सप्टेंबरात. "बीडला?" 17 सप्टेंबर 2025. "तीस वर्सं! तवा कुणी घड्याळ बघितलं न्हाई. पेढे वाटले. अन् मी दहा मिनिटं म्हणलं की तुम्ही मोबाइल काढताव."

आता एक गोष्ट नाइलाजानं सांगायला हवी, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. तात्यांना स्वतःचं असं पुण्या-मुंबईत काहीही काम नसतं. त्यांची केस नाही, बदली नाही, पेन्शन नाही, मुलगा परदेशी नाही. ते दर वेळी कुणाच्या तरी कामाला सोबत म्हणून जातात. निराधारच्या अर्जाची ती फाइल त्यांची नव्हती. संभाजीनगरच्या खंडपीठात चकरा मारल्या त्या भावकीतल्या दुसऱ्याच्या बांधासाठी. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत आमच्या भागातली पोरं कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतात. त्यांच्याकडे पथारी टाकली तर लॉजचा खर्चच वाचेल. तात्या जात नाहीत. "पोरांचा एक दिवस मोडतो," म्हणतात. उलट त्या पोरांना लॉजवर बोलावतात. नळाचं गरम पाणी, एसीत दोन तास झोप, आणि 'दोघांसाठी नाश्ता मोफत' या पाटीखाली पाच जणांचा नाश्ता. वेटर आला की तात्या त्याच्याशी नगर रस्त्यावरच्या खड्ड्यांची चर्चा काढतात, तोवर पोरं इडल्या संपवतात. जामच्या छोट्या डब्या निघताना पोरांच्या खिशात जातात. मी हे सगळं पाहिलंय आणि मला फार संकोच वाटलाय. चौथी इडली मीही खाल्ली.

आणि परळ. गल्लीतल्या एका बाईला टाटा रुग्णालयात न्यायचं होतं. मुलगा साखर कारखान्यावर टोळीत, उचल घेतलेली, हंगाम सोडून येता येईना. तात्या निघाले, कागदपत्रं बघायला मला घेतलं. टाटाच्या बाहेरचा फूटपाथ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. गठुडी, फाइली, एक्स-रेची पाकिटं, आणि त्यांना टेकून माणसं. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरच्या रुग्णांची सोय होते, पण आमचा नंबर लागायला दोन रात्री होत्या. ज्या गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, त्यांच्या नावाच्या दारातही रांग लागावी एवढा आजार या राज्यात आहे, त्याला धर्मशाळा काय करणार?

जवळच्या एका लॉजवर गेलो. मॅनेजरनं बाईंच्या डोक्याला गुंडाळलेल्या पदराकडे बघितलं आणि म्हणाला, "पेशंटला देत नाही रूम. बाकीचे कस्टमर तक्रार करतात." तात्या कायदा काढतील, मोबाइल काढतील, असं मला वाटलं. त्यांनी काही काढलं नाही. "बरं," म्हणाले. दुसऱ्या लॉजवर त्यांनी बाईंना बाहेर माझ्याजवळ उभं केलं, आत जाऊन खोली घेतली, पैसे आधी भरले, पावती खिशात घातली, आणि मग येऊन त्यांना हाताला धरून मॅनेजरसमोरून नेलं. भाव केला नाही. जीएसटी विचारला नाही. गादीवर बुक्कीही मारली नाही. सकाळी रुग्णालयात जाताना बाईंनी विचारलं, "लांब हाय का वो भाऊजी?"

"छ्या! चालत दहा मिनिटं," तात्या म्हणाले, आणि टॅक्सीला हात केला.

हे वाचून तात्यांबद्दल फार आदर वाटू देऊ नका. त्याच लॉजमधून निघताना त्यांनी साबणाच्या सगळ्या वड्या, शाम्पूच्या पुड्या आणि एक हँगर उचलला. हँगर आमच्या घरी आहे, मी परत नेऊन द्यायचा असं त्यांनी परस्पर ठरवलंय. बाईंचा मुलगा कारखान्यावरून आला तेव्हा पैशांचं विचारायला गेला, तर "दे सवडीनं" एवढंच उत्तर मिळालं. ती सवड अजून झालेली नाही, आणि ज्या वहीत लॉजांचे भाव तारीखवार लिहिलेत, त्या वहीत ते दोन दिवस लिहिलेलेच नाहीत. मी वही पाहिली आहे.

तेव्हा वाचकहो, तुम्ही आमच्या भागातून मोठ्या शहरात निघालाच असाल, तर आदल्या दिवशी तात्यांचा फोन येईल, उचला. खोली ते सांगतील ती घ्या, ती स्वच्छ असेल आणि पैसे वसूल होतील. फक्त बॅग हलकी ठेवा, पायात चांगल्या चपला घाला, आधार कार्ड खाचेत घालू नका, आणि पैसे देण्याआधी चेकआऊट चोवीस तासांचं आहे की बारा वाजताचं, एवढं स्वतः विचारून घ्या.